खाऱ्या वाऱ्यातली जुनी गिटार: कुठल्या ओरखड्याला हात लावायचा, कुठल्याला नाही

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी गणपतीआधी पंधरा दिवस पॉलिशवाला येतो. देव्हारा, पाट, पुढच्या खोलीतलं शिसवी कपाट, सगळ्यावरून त्याचा हात फिरतो. २०१४ साली मी मुंबईहून पोचेपर्यंत तो हात काकांच्या गिटारवरूनही फिरला होता. काका बोटीवर होते. १९८३ मध्ये जपानच्या एका बंदरावरून त्यांनी फेंडर जपानची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणली आणि मग तीस वर्षं ती गावच्या लग्नांत, नाताळात, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात वाजवली. पट्ट्याच्या बकलने तिच्या पाठीवर तळहाताएवढा भाग खरवडून निघाला होता. पॉलिशवाल्याला तो बघवला नाही. "ह्यां पण मारून टाकतंय, आरशासारख्यां चमकतला," म्हणाला आणि काकूने मान हलवली. मी बॅग ठेवली तेव्हा गिटार पडवीत दोरीला उलटी टांगून वाळत होती.

काम सुबक झालं होतं, हे कबूल करायला हवं. पण तीस वर्षांची बकलची खूण पॉलिश पेपरखाली गेली होती आणि तिच्यावर कपाटाचं मेलामाइन पॉलिश बसलं होतं. पुढे कुतूहल म्हणून एका जाणकार घेणाऱ्याला दाखवली. त्याने गिटार उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि पुढची बाजू न बघताच विचारलं, "हे कुणी केलं?"

तेव्हापासून ओळखीतल्यांच्या, ओळखीतल्यांच्या ओळखीतल्यांच्या जुन्या गिटारी माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो: रंग उडालाय, गंज आलाय, हे नीट करून घेऊ का? उत्तर ठरवायला मी फक्त एक फरक बघतो. काही झीज होऊन गेलेली असते, काही अजून चालू असते. बकलचे ओरखडे, कडेचा टवका, हात घासून उडालेला रंग, हे होऊन गेलेलं. ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूवरचा गंज, उचलू लागलेली रंगाची पापडी, घाम पिणारं उघडं लाकूड, हे चालू. होऊन गेलेल्याला हात लावायचा नाही, चालू असलेलं थांबवायचं. समुद्रापासून लांब राहणाऱ्याला हे दुसरं काम वर्षातून एकदा पुरतं. आपल्याकडे ते बारा महिने करावं लागतं.

आधी महिनाभर काही करू नका

नवीन आलेली जुनी गिटार पुसून चकचकीत करायचा मोह पहिल्या संध्याकाळीच होतो. त्याऐवजी फोटो काढा. सकाळी खिडकीच्या तिरप्या उजेडात पुढून, मागून, कडांवरून. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक ओरखडा आणि टवका जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. पुढे विकायची वेळ आली तर "माझ्याकडे आली तेव्हा अशी होती" याला पुरावा लागतो, आणि फोटोंना तारीख असते.

याच महिन्यात ती वाजवून बघा. फ्रेट (बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) झिजून तार खरखरते आहे, व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की करकरते आहे, नेक, म्हणजे लांब दांडा, वाकला आहे, या गोष्टी वाजण्याच्या आहेत, दिसण्याच्या नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा. फ्रेट हा टायरसारखा झिजणारा भाग आहे, तो बदलल्याला संग्राहकही फारसे नाक मुरडत नाहीत. एवढंच की वार्निश केलेल्या मेपल लाकडाच्या फिंगरबोर्डवर (नेकच्या बोटं ठेवायच्या पट्टीवर) फ्रेट बदलताना वरचा थरही जातो, म्हणून तिथे शक्य तितका उशीर करावा.

हातात नेमकं काय आहे ते ओळखा

कुठल्या काळातली, कुठल्या कारखान्यातली आणि कुठल्या प्रकारच्या रंगाची गिटार आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली, गिब्सनची लेस पॉल १९५२ मध्ये. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली आणि बाजारात आजही 'सीबीएसच्या आधीची' आणि 'नंतरची' असे दोन भाव चालतात. पण आपल्या किनाऱ्यावर त्या काळातली अमेरिकन गिटार सापडणं म्हणजे जाळ्यात मोती. इथे बोटीवरच्या माणसांनी आणलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी गिटारी जास्त: ग्रेको, टोकाई, आयबनेझ, आणि १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झाल्यावरच्या, ज्यांचे पहिल्या दोन-तीन वर्षांतले नंबर 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होतात. दहा हजारांची जुनी गिटार म्हणून फेकून दिलेल्या काही वाद्यांना आज चांगले संग्राहक भेटतात, म्हणून ओळख आधी.

वय शोधायला आतला पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या खुंटीखालचा विजेचा भाग, बघा. अमेरिकन गिटारच्या पॉटवर बऱ्याचदा अंक ठोकलेले असतात. १३७७६३३ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ७६ म्हणजे १९७६ आणि ३३ हा त्या वर्षातला आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, एवढंच त्यावरून ठरतं. नेकच्या टाचेवरही तारीख असते, पण केवळ ती बघायला नेक सोडवू नका. आणि सोल्डरच्या जुन्या, मळकट सांध्यांना हात लावू नका. कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेला सांधा संग्राहकाला रंगाइतकाच प्रिय असतो.

आता रंग. दोन मोठी घराणी आहेत. एक नायट्रोसेल्युलोज लॅकर, फर्निचरवाले ज्याला एनसी म्हणतात ते. पन्नास-साठच्या दशकांतल्या गिटारी याच्या, गिब्सन आजही हेच वापरते. हा थर पातळ असतो, वयाने पिवळा पडतो, थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात. दुसरं घराणं पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं. फेंडर साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरकडे वळली, जपानी गिटारीही बहुतेक याच. हा थर काचेसारखा: सहसा भेगाळत नाही, पण आपटला की टवका निघतो.

ओळखायचं कसं? पाठीच्या झाकणाखाली, कुणाला दिसणार नाही अशा कडेला, कापसाच्या काडीचं टोक ॲसिटोनमध्ये बुडवून क्षणभर टेकवा. नायट्रो लगेच चिकट होऊन काडीला रंग लागतो, पॉली ढिम्म राहते. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोनची बाटली टेबलावर गिटारशेजारी तर ठेवूच नका. एक थेंब उडाला तर तोच पुढच्या लेखाचा विषय होईल.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते. नोटा तपासायची अतिनील टॉर्च घ्या, रात्री दिवे बंद करा आणि गिटारवरून फिरवा. जुनं नायट्रो हिरवट-पिवळट उजळतं. नंतर मारलेला रंग वेगळा, बहुतेक वेळा काळपट ठिपका होऊन दिसतो. दिवसा जिथे काहीच कळत नाही तिथे रात्री एखाद्या दुरुस्तीची सगळी सीमारेषा उमटते. काकांच्या गिटारच्या पाठीवरचं मेलामाइन मला असंच दिसलं, समुद्रावरच्या तवंगासारखं, कडेला जिथे पॉलिशवाल्याचा बोळा वळला होता तिथपर्यंत.

झिजेचा नकाशा

कागदावर गिटारची बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक खूण तिच्या जागी लिहा. मग प्रत्येकीपुढे 'झालेली' किंवा 'चालू'. शंका असेल तिथे बोट फिरवून बघा. टवक्याची कड घट्ट बसली आहे की नखाने हलते? हलत असेल तर चालू. उघडं लाकूड कोरडं, गुळगुळीत, मधाच्या रंगाचं आहे की करडं, दमट? करडं असेल तर चालू. धातूवरचा डाग सपाट काळसर आहे की बोटाला तपकिरी भुकटी लागते? भुकटी लागली तर चालू.

मेपलच्या फिंगरबोर्डवर बोटांच्या जागी पडलेले काळे डाग लोकांना फार खुपतात. ते वाजवल्याचे डाग आहेत. बऱ्याच जणांना तेच हवे असतात.

आयर्लंडच्या रोरी गॅलघर या गिटारवादकाची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर बघा. त्याने ती १९६३ मध्ये जुनीच घेतली होती, पुढे तिचा बहुतेक रंग उडाला, लाकूड उघडं पडलं आणि तसलीच ती जगभर ओळखली गेली. २०२४ मध्ये लिलाव होऊन ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. तिला कुणी रंगवून दिलं असतं तर? आणि गंमत अशी की १९९० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरचं कस्टम शॉप नव्या गिटारी कारखान्यातच घासून, टवके पाडून जादा किमतीला विकतं. लोक झिजेचे पैसे मोजतात आणि आपण ती झीज पैसे देऊन पुसायला निघतो.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच. पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट मुळात सनबर्स्ट (मध्ये पिवळट, कडेला काळपट) होती, तिच्यावर काळा रंग मारलेला होता. २०१९ च्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पण ती किंमत गिल्मोरच्या हातांची होती. तुमच्या-माझ्या काकांच्या गिटारला तो नियम लागू पडत नाही.

पैशाचा हिशेब

जुन्या गिटारींच्या बाजारात एक ढोबळ हिशेब वर्षानुवर्षं चालतो: मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेली गिटार, काम कितीही सुंदर असलं तरी, साधारण निम्म्या किमतीला जाते. धरा, तुमची गिटार आहे त्या अवस्थेत दीड लाखाची आहे. चांगला कारागीर पूर्ण रंगाचे तीस-चाळीस हजार घेईल. म्हणजे एक लाख नव्वद हजार गुंतवून हातात पंचाहत्तर हजारांची वस्तू. आकडे तुमचे घाला, दिशा तीच राहील.

छोट्या दुरुस्तीचंही तसंच, फक्त कमी प्रमाणात. न सांगता भरलेला टवका सापडला की घेणारा उरलेल्या सगळ्या गिटारवर संशय घेतो. प्रामाणिक टवका तो स्वतःच "सुंदर झिजलीय" म्हणून दाखवतो.

हा हिशेब तीन ठिकाणी उलटतो. गिटार आधीच कुणीतरी रंगवलेली असेल तर मूळ असं काही राहिलेलंच नाही, हवं ते करा. ती संग्राह्य नसेल, साधी वाजवायची गिटार असेल, तरी मोकळे आहात. आणि ती विकायचीच नसेल, पोराला वारसा म्हणून हातात द्यायची असेल, तर बाजाराला विचारायचं कशाला? मात्र "विकायची नाही" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि त्यातल्या काहींच्या गिटारी नंतर विकायला मदतही केली आहे.

साफसफाई

मळ म्हणजे झीज नाही, तो काढायला हरकत नाही. मऊ सुती कापड घ्या, धुऊन धुऊन विरलेलं जुनं लुगडं किंवा धोतर उत्तम. आधी कोरडं पुसा. मग जरासं ओलसर, लगेच कोरडं. घामाचे क्षार पाण्यातच विरघळतात, त्यामुळे या साध्या पुसण्याने निम्मं काम होतं. चिकट, काळा मळ राहिला तर सिगारेट लायटरमध्ये भरायचं द्रव कापडाच्या टोकावर घेऊन हलक्या हाताने. ते नायट्रो आणि पॉली दोघांना सहसा इजा करत नाही. ज्वलनशील आहे, देवाजवळच्या समईपासून लांब बसा. नायट्रो भेगाळलेलं असेल तर मात्र कुठलंही द्रव नको, ते भेगेतून आत उतरतं.

आता आपल्या घरांतल्या सवयी. खोबरेल तेल फिंगरबोर्डला लावू नका. खवट होतं, चिकटतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि मुंग्याही येतात. शिसवी फिंगरबोर्ड फार कोरडा वाटला तर वर्षातून एकदा शुद्ध खनिज तेलाचे दोन थेंब, दहा मिनिटांनी पुसून. आपल्या हवेत तो कोरडा पडणं मुळात विरळाच. होड्यांना आणि वाशांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल एकाने "लाकूडच आहे ना" म्हणून उघड्या भागावर चोळलं होतं. ते कातडी भाजतं, काळं पडतं आणि पुन्हा निघत नाही.

गाडीचं पॉलिशही नको. त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. ते लाकडात आणि भेगांत शिरलं की पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली तर लॅकर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडून मागे सरतं. मी स्वतः पंचविशीत हे केलं आहे. चमक आठवडाभर टिकली, सिलिकॉन अजून आहे.

चालू झीज थांबवणं

इथे वेळ घालवा. कोकणात गिटार दिसायला बिघडते ती वाजवण्यापेक्षा हवेनेच जास्त.

धातूपासून सुरू करू. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ निकेलच्या मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या लोखंडापर्यंत पोचतं, ओल ओढून घेतं आणि मुलामा आतून फुगवतं. सगळ्यात आधी ब्रिजच्या सॅडलचे (तार ज्यावर टेकते त्या छोट्या तुकड्यांचे) उंची बदलायचे बारीक स्क्रू जातात. ते अडकले की लोक जोर लावतात आणि खाच गोल होते. तसं करू नका. प्रत्येक स्क्रूच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने सोडा, रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मग बरोबर मापाची किल्ली: अमेरिकन फेंडरला ०.०५० इंची, जपानीला १.५ मिलिमीटरची. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण चुकीची घातलीत की खाच गेली. जपानी गिटारच्या फुलीच्या स्क्रूंचंही असंच आहे. त्यांची फुली जपानी मानकाची असते, नेहमीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात वर उसळतो आणि कडा खातो. त्या मानकाचा स्क्रूड्रायव्हर साधाच असतो, पण वेगळा घ्यावा लागतो.

वर आलेली तपकिरी भुकटी जुन्या टूथब्रशने झाडा, शिलाई मशीनच्या तेलाने ओलावलेली कापसाची काडी फिरवा, पुसून घ्या. भांडी घासायची लोखंडी जाळी किंवा स्टील वूल गिटारजवळ आणू नका. तिचे केसाएवढे तुकडे पिकअपच्या (तारांचा नाद पकडणाऱ्या भागाच्या) चुंबकाला जाऊन चिकटतात आणि नंतर तिथेच गंजतात. काळवंडलेला पण शांत मुलामा तसाच राहू द्या. पुन्हा मुलामा चढवलेला ब्रिज जुन्या गिटारवर नव्या दातासारखा दिसतो.

एखादा भाग खरंच कामातून गेला असेल तर नवा बसवा, पण जुना फेकू नका. छोट्या पिशवीत घालून, वर नाव लिहून, गिटारच्या केसमध्ये (पेटीत) ठेवा. मूळचे सहा गंजके स्क्रू विकताना सहा नव्या स्क्रूंपेक्षा जास्त बोलतात.

आता रंगाची पापडी. ती उचलू लागली असेल तर तिच्यावर कापड फिरवू नका, कापडाचा धागा अडकून पापडीच येते. भारी गिटार असेल तर इथे थांबून कारागिराकडे जा. साध्या गिटारवर, पातळ सुपरग्लूचा अगदी बारीक थेंब दातकोरणीच्या टोकाने पापडीच्या कडेला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. वरून बेकिंग पेपरने हलकं दाबा. आधी दुसऱ्या कुठल्या तरी लाकडावर हात बसवून घ्या.

उघड्या लाकडावर लॅकर नको, मेलामाइन तर नकोच. घाम बसू नये एवढंच हवं असेल तर संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, बोटाच्या टोकाएवढं, पातळ. ते पुढे कधीही काढता येतं. मी दुरुस्ती निवडताना हाच निकष लावतो: उद्या कुणाला हे उलटवता येईल का?

टवका भरायचाच असेल तर

पॉलीची, संग्राह्य नसलेली किंवा आधीच दुरुस्त झालेली गिटार असेल तरच पुढे वाचा. नायट्रोचं काम वेगळं असतं. नवं नायट्रो जुन्यात विरघळून एकजीव होतं, हा त्याचा गुण, पण वयाने पिवळा पडलेला रंग जुळवणं ही कारागिरी आहे. पांढरी गिटार चाळीस वर्षांत सायीच्या रंगाची होते, निळी हिरवट दिसू लागते. डब्यावरच्या नावाचा रंग आणून मारलात तर ठिगळ लांबून दिसेल.

मुहूर्त आधी: डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरडी दुपार. पावसाळ्यात लॅकर मारलं तर हवेतली ओल त्यात अडकून दुधाळ पांढरा पडदा येतो. सुपरग्लूही दमट हवेत आजूबाजूला पांढरी धूळ सोडतं.

टवक्याची आतली बाजू लायटरच्या द्रवाने पुसा, वाळू द्या. रंग लागत असेल तर बारीक ब्रशने आधी रंगाचा ठिपका, तो दोन दिवस वाळवा. मग पारदर्शक सुपरग्लू थेंबाथेंबाने भरा, एका वेळी पातळ थर, दोन थरांमध्ये तासभर. शेवटी भराव आजूबाजूपेक्षा केसभर उंच असला पाहिजे. एक दिवस हात लावू नका.

नवीन ब्लेड घ्या, त्याच्या धारेच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा, मध्ये बोटभर धार उघडी ठेवा. टेप शेजारच्या रंगावर सरकते आणि ब्लेड फक्त उंचवटा खरवडतं. एवढी एक युक्ती शिकलात तरी पुरे. ब्लेड उभं धरा, आपल्याकडे ओढा, भुगा पिठासारखा पडायला हवा. भराव सपाट झाला की पाण्याचे पॉलिश पेपर, ८००, १२००, २०००, लहान रबराच्या तुकड्यावर गुंडाळून. शेवटी रबिंग कंपाउंड आणि कापड. कडेवर आणि सनबर्स्टच्या काळ्या किनारीवर पेपर फिरवताना दर दहा घाशींनी थांबून बघा. तिथे थर पातळ असतो आणि एकदा खालचा पिवळा दिसला की परत येत नाही.

कारागिराकडे देताना

आपल्याकडे हाताला जादू असलेले लोक आहेत. सावंतवाडीचं लाखकाम बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको. पण गिटारचं काम गिटारवाल्याकडेच द्या, मग गोवा, पुणे, मुंबई जिथे मिळेल तिथे. त्याने केलेली जुनी कामं बघायला मागा. तो बघता क्षणी "पूर्ण रंग मारून देतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या. "हे कशाला करता?" असं विचारणारा बरा.

काय करायचं हे जसं लिहून द्याल तसंच काय करायचं नाही तेही लिहून द्या: बफिंग नाही, क्लिअर कोट नाही, सोल्डर उकलायचं नाही, काढलेला प्रत्येक भाग परत हवा. देताना त्याच्यासमोर फोटो काढा. मी एकदा फक्त नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बदलायला दिलेली गिटार आरशासारखी चमकून आली होती. कारागिराने प्रेमाने, फुकट, बफिंग करून दिलं होतं.

केस, भिंत आणि पावसाळा

जांभ्याची भिंत जुलैमध्ये घामेजते. पश्चिमेच्या भिंतीवर गिटार टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा किंवा केसमध्ये ठेवा. केसमध्ये पाच-सहाशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा काटा असू द्या. ४५ ते ५५ टक्के आदर्श म्हणतात. आमच्या घरी पावसात बाहेर ९० असतं, तेव्हा केसमध्ये ६० दिसलं तरी मी समाधानी असतो. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

कपाटात कापराच्या वड्या ठेवायची आपली पद्धत आहे. गिटारच्या केसमध्ये ती मोडा. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्याच मिश्रणातून सेल्युलॉइड बनतं, म्हणजे कापूर नायट्रोला मऊ करतो. बंद केसमध्ये महिनोन्‌महिने त्याची वाफ तुमच्या लॅकरवर बसेल. डांबरगोळ्याही नकोत, काही प्लॅस्टिकांवर त्यांचा परिणाम होतो. केसच्या मखमलीला बुरशी आली तर गिटार बाहेर काढून फक्त केस उन्हात ठेवा.

स्टँडच्या रबराला नायट्रोची गिटार टेकवू नका. रबरातली रसायनं लॅकर वितळवतात आणि काळा डाग कायमचा बसतो. सुती कापड गुंडाळलंत की झालं.

आणि प्रवास. मुंबईहून रात्रीच्या एसी बसने कुडाळला पहाटे उतरलात, घरी येऊन लगेच केस उघडली, तर थंड ब्रिजवर पावसाळी हवेचे थेंब जमताना डोळ्यांनी दिसतात. केस बंदच ठेवा, दोन-तीन तास. नायट्रोच्या भेगाही अशा झटक्यानेच जातात.

काकांच्या गिटारवरचं मेलामाइन काढावं का, हे मला दर गणपतीला कुणीतरी विचारतं. काढायला पुन्हा पॉलिश पेपरच लागेल आणि खाली आता बकलची खूण उरलेली नाही. म्हणून तसंच ठेवलंय. पाठीचं झाकण उघडलं तर आत एक चिठ्ठी चिकटवलेली दिसेल: 'पाठीवर मेलामाइन, ऑगस्ट २०१४. खाली मूळ पॉलिएस्टर. सॅडलचे दोन स्क्रू बदलले, जुने केसमध्ये.' तिच्याखाली काकूने स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे: 'मी सांगितले होते.'